सात विती उजेड

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. इथे वाढलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी तलावपाळीच्या कठड्याला टेकून मासुंदाच्या पाण्याकडे पाहिलेले असते, पण त्या पाण्यात उजेड किती खोल उतरत असेल, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. मलाही तो माझ्या भाचीमुळे पडला. आठवीत शिकणाऱ्या या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी पाण्याची पारदर्शकता मोजायची होती. आम्ही स्टीलची एक जुनी ताटली पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवली, मधोमध भोक पाडून तिच्यात सुतळी ओवली, खाली वजनासाठी एक जाड नट बांधला आणि सुतळीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारली. होडीतून ताटली पाण्यात सोडली तेव्हा पहिल्या दोन गाठींपर्यंत ती पांढरी दिसत होती, तिसऱ्या गाठीला हिरवट झाली, पाचव्या गाठीला तिची नुसती कड जाणवत होती आणि सहावी गाठ पाण्याला टेकेपर्यंत ती दिसेनाशी झाली. भाचीने विचारले, "मामा, तळ आला का?" तळ आला नव्हता, सुतळी अजून हातातून सुटतच होती.

ही युक्ती आमची नव्हे. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आणि जेझुइट धर्मगुरू अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये पोपच्या वाफेच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडल्या आणि त्या किती खोलीवर नाहीशा होतात याची पद्धतशीर नोंद केली. आज अवकाशातून समुद्राचा रंग मोजणारे उपग्रह आहेत, तरीही सेकी तबकडी आणि एक दोरी घेऊन पाण्यावर जाणारे संशोधक जगभर आहेत, कारण इतक्या कमी खर्चात इतके सांगणारे दुसरे साधन क्वचितच सापडेल. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात १९८६ मध्ये ही तबकडी सुमारे ८० मीटर खोलीपर्यंत दिसत राहिली होती. आमची ताटली ६० सेंटिमीटरवर हरवली. दोन्हीकडे पाणीच, पण उजेडाच्या हिशेबाने पाहिले तर एकात दुसऱ्याच्या एकशे तीस पटींहून अधिक अंतर.

पाण्यातली जीवसृष्टी थरांमध्ये कशी वाटली गेली आहे हे समजून घेताना बहुतेकांची पहिली गल्लत इथेच होते. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत समुद्राचा उभा छेद असतो, त्यावर २०० मीटर, १००० मीटर, ४००० मीटर अशा रेघा मारलेल्या असतात आणि जणू त्या रेघांनीच जीवसृष्टी विभागली आहे असा समज होतो. प्रत्यक्षात मीटर हे माणसाचे माप आहे. पाण्यातल्या वनस्पतीला आणि प्राण्याला जाणवतो तो उजेड, आणि उजेड कमी होण्याची रीत मीटरांच्या रीतीहून निराळी आहे.

ती रीत अशी. पाण्याचा प्रत्येक सारख्या जाडीचा थर आपल्यापर्यंत पोहोचलेल्या उजेडातला ठरावीक हिस्सा गिळतो, ठरावीक रक्कम नव्हे. समजा, एखाद्या तलावात एक वीतभर पाण्यातून जाताना उजेड निम्मा होतो. मग दुसऱ्या वितीत उरलेल्या निम्म्याचा निम्मा, म्हणजे पाव, तिसऱ्या वितीत त्याचाही निम्मा, असे करत सातव्या वितीच्या शेवटी पृष्ठभागावरच्या उजेडाचा एकशे अठ्ठाविसावा भाग उरतो, म्हणजे एक टक्क्याहूनही थोडा कमी. ताटली ६० सेंटिमीटरवर दिसेनाशी होते अशा पाण्यात उजेड साधारण याच दराने घटतो, त्यामुळे 'वीत' हे माप मी सोयीसाठी निवडले असले तरी ते वस्तुस्थितीला धरून आहे. (ताटली दिसेनाशी होणे म्हणजे पूर्ण अंधार नव्हे. तिच्यापर्यंत जाऊन परत डोळ्यांपर्यंत येणारा उजेड भोवतालच्या पाण्याच्या चमकेत मिसळून जातो, इतकेच. तिच्या खाली अजून बराच उजेड शिल्लक असतो.) स्वच्छ निळ्या महासागरात हीच 'वीत' वीस मीटरांच्या आसपास असते. म्हणजे सात विती तलावात दीड मीटर भरतात आणि महासागरात १४० मीटर.

सातव्या वितीवर थांबण्याचे कारण आहे. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, ज्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात, उजेडाच्या बळावर अन्न तयार करतात आणि जगण्यासाठी त्यातलेच काही अन्न सतत जाळतात. अन्न तयार करणे ही कमाई, जाळणे हा खर्च. खर्च दिवसरात्र चालू असतो आणि त्याला उजेडाची गरज नसते. कमाई मात्र उजेड घटेल तशी घटते. ज्या खोलीवर दिवसभराची कमाई आणि दिवसभराचा खर्च नेमके सारखे होतात तिला समतोल खोली म्हणता येईल. तिच्या वर असलेल्या पेशीच्या हाती शिल्लक पडते, ती वाढते, तिचे दोन होतात; तिच्या खाली गेलेली पेशी साठवणीवर दिवस काढते आणि पुन्हा वर आली नाही तर मरते. प्लवकाची जात, पाण्याचे तापमान, ऋतू यांनुसार ही खोली सरकते, पण पृष्ठभागावरच्या उजेडाचा सुमारे एक टक्का जिथे उरतो ती जागा तिची कामचलाऊ खूण म्हणून वापरली जाते. समुद्रात काय किंवा तलावात काय, स्वतःचे अन्न उजेडातून मिळवणारे जग या सात वितींत मावलेले आहे. त्याखाली राहणारे जवळजवळ सगळे वरून खाली पडणाऱ्या अन्नावर जगतात.

उजेड नुसता कमी होत नाही, तो रंगही बदलतो. सूर्याच्या प्रारणातला जवळजवळ अर्धा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो आणि तो पहिल्या मीटरभरातच शोषला जाऊन पाण्याची उष्णता होतो. दृश्य रंगांत लाल सर्वांत आधी संपतो. स्वच्छ समुद्रातही दहा-पंधरा मीटरांखाली लाल जवळपास उरत नाही. मग नारिंगी, मग पिवळा जातो, आणि सर्वांत खोल पोहोचतो तो निळा. किनाऱ्याजवळच्या पाण्यात आणि तलावांत मात्र कुजलेल्या पाल्यातून आलेली पिवळट द्रव्ये आणि शेवाळ निळा रंगही शोषून घेतात, म्हणून तिथे शेवटपर्यंत टिकतो तो हिरवा. आमची ताटली तिसऱ्या गाठीला हिरवट का झाली, याचे उत्तर यातच आहे. खोल समुद्रातल्या कित्येक कोळंबी भडक लाल असतात, ही गोष्टही मग विचित्र वाटत नाही: जिथे लाल उजेड पोहोचतच नाही तिथे लाल वस्तू काळी दिसते, आणि काळोखात काळे दिसणे म्हणजे लपणे. मासळी बाजारात ताजा बांगडा किंवा सुरमई हातात घेऊन पाहिली तर पाठ गडद निळी-हिरवी आणि पोट चंदेरी दिसते. वरून पाहणाऱ्याला ती पाठ खालच्या गडद पाण्यात मिसळून जाते आणि खालून पाहणाऱ्याला पोट वरच्या उजळ पाण्यात. माशाच्या अंगावर, तो ज्या थरात राहतो त्या थराचा उजेड असा उमटलेला असतो.

आता समुद्राकडे वळू, पण आपल्याकडच्या. मुंबईसमोरचा समुद्र लगेच खोल होत नाही. खंडाचा पाण्याखालचा पसरट काठ, ज्याला सागरमग्न खंडभूमी म्हणतात, इथे फार रुंद आहे. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे, म्हणजे ठाण्याहून निघून नाशिक ओलांडावे इतके दूर. तरीही तिथे पाण्याची खोली ७५ मीटरांच्या आसपास आहे. ते पाणी लक्षद्वीपजवळच्या पाण्यासारखे निवळशंख असते तर तळापर्यंत थोडाफार उजेड पोहोचला असता. पण किनाऱ्यालगत खाड्यांतून आणि नद्यांतून आलेला गाळ भरती-ओहोटीने सतत ढवळला जातो, आणि उधाणाच्या दिवसांत तर पाण्याची पातळी चार-पाच मीटर वरखाली होते. त्यामुळे किनाऱ्याजवळ सात विती काही मीटरांतच संपतात आणि तळाचा चिखल भर दुपारीही अंधारात असतो. कोळी बांधव डोल जाळ्यात जो जवळा आणि बोंबील पकडतात ते याच गढूळ पाण्याचे रहिवासी. बोंबील ज्या गणात मोडतो त्यातले बरेच मासे खोल समुद्रातले आहेत, आणि त्याचे ते पाणीदार अंग, रुंद फाटलेला जबडा, आत वळलेले सुईसारखे दात पाहिले की उथळ पाण्यातल्या माशापेक्षा काळोखातल्या माशाचीच आठवण होते. यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, पण बाजारात दर वेळी मला हे जाणवते खरे.

किनारा मागे टाकून खोल अरबी समुद्रात गेल्यावर पुस्तकातल्या रेघा जागेवर येऊ लागतात. वरचे सुमारे २०० मीटर हा प्रकाशित थर, २०० ते १००० मीटर हा संधिप्रकाशाचा थर आणि त्याखाली कायमचा काळोख. प्रकाशित थर सर्वांत श्रीमंत असेल असे वाटते, पण उष्ण प्रदेशात तो बहुतेक काळ गरीबच असतो, आणि त्याचे कारण फार सुंदर आहे. मेलेले प्लवक, विष्ठा, कातीचे तुकडे खाली बुडतात आणि खाली गेल्यावर कुजतात. त्यांतले नायट्रोजन, फॉस्फरस यांसारखे पोषक घटक त्यामुळे खालच्या अंधारातच मोकळे होतात. वर उन्हाने तापलेले हलके पाणी आणि खाली थंड जड पाणी यांच्यामध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक थर झाकणासारखा बसलेला असतो, आणि तो खालचे पोषण वर येऊ देत नाही. शेतीच्या भाषेत सांगायचे तर ऊन माळ्यावर आणि खत तळघरात. हे झाकण उघडते ते वाऱ्याने. नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांवरून वाहताना वरचे पाणी बाजूला सारतात आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड, सकस पाणी वर येते. कमी प्रमाणात हे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही घडते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पावसाळ्यातल्या ज्या खवळलेल्या समुद्राला आपण नारळ वाहून शांत व्हायला सांगतो, तो त्या दोन महिन्यांत वर्षभराची पेरणी करत असतो.

संधिप्रकाशाचा थर मला सगळ्यांत रंजक वाटतो. इथे अन्न तयार करण्याइतका उजेड नाही, पण पाहण्याइतका आहे, म्हणजे भक्ष्याला आणि भक्षकालाही. अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीबी आणि अभियंता ओटिस बार्टन १९३४ मध्ये बर्म्युडाजवळ एका पोलादी गोळ्यात बसून ९२३ मीटर खोल उतरले, तेव्हा निळा उजेड शब्दांत सांगता येणार नाही इतका गडद होत गेल्याचे आणि अखेर विझल्याचे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. या थरातल्या प्राण्याची अडचण अशी की वरून येणाऱ्या अंधूक उजेडावर त्याची सावली पडते आणि खाली दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याला ती दिसते. त्यावर कंदीलमाशांनी काढलेला तोडगा असा: त्यांच्या पोटावर बारीक प्रकाश देणारे ठिपके असतात, आणि वरून येणाऱ्या उजेडाइतकाच मंद निळा प्रकाश ते खाली सोडतात, म्हणजे सावलीच पुसली जाते. स्वतःचा उजेड पाडणे ही समुद्रात अपवादाची गोष्ट नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे केलेल्या दीर्घ पाहणीत पाण्यात तरंगणाऱ्या आणि पोहणाऱ्या दर चार प्राण्यांतले तीन प्रकाश निर्माण करू शकणारे निघाले.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी ध्वनिलहरी पाण्यात सोडू लागले तेव्हा कित्येक ठिकाणी समुद्राचा तळ अपेक्षेपेक्षा फार वर, काही शे मीटरांवरच लागल्याचे दिसू लागले. गंमत अशी की हा तळ संध्याकाळी वर सरकायचा आणि पहाटे पुन्हा खाली जायचा. तो तळ नव्हता. तो कंदीलमासे, कोळंबी, नळ्यांसारखे जेलीचे प्राणी यांचा प्रचंड थवा होता. दिवसा संधिप्रकाशात लपायचे, अंधार पडला की वर येऊन प्लवकांच्या कुरणात चरायचे आणि उजाडण्याआधी खाली परतायचे, असा त्यांचा रोजचा क्रम असतो. वजनाने मोजली तर पृथ्वीवरची ही सर्वांत मोठी ये-जा आहे, आणि ती रोज घडते.

अरबी समुद्रात या ये-जा करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. सुमारे १५० ते १००० मीटरांच्या दरम्यान इथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू फार कमी, काही भागांत तर जवळजवळ शून्य आहे. वरची पेरणी सुगीची असल्यामुळे खाली पडणारा कुजका माल भरपूर, तो कुजवणारे जिवाणू प्राणवायू संपवतात. आणि समुद्राची उत्तर बाजू जमिनीने बंद असल्यामुळे थंड, प्राणवायूने भरलेले पाणी तिकडून आत शिरू शकत नाही. तरीही दिवसाचे तास याच गुदमरत्या थरात काढणारे कंदीलमासे आहेत. शिकाऱ्यांना तिथे दम लागतो, हाच त्यांचा आडोसा. म्हणजे थर ठरवताना उजेड हा पहिला पंच असला तरी प्राणवायू दुसरा असतो, आणि पुष्कळदा दुसऱ्याचा निकाल पहिल्याच्या निकालातूनच आलेला असतो.

हजार मीटरांखालच्या काळोखाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे उजेडाची गोष्ट संपलेली असते. दर दहा मीटरांना एक वातावरण या हिशेबाने दाब वाढत जातो, पाणी दोन ते चार अंश सेल्सियस इतके थंड असते आणि वरून रिमझिमणारे कुजक्या कणांचे 'सागरी हिम' हाच मुख्य आहार. ४००० ते ६००० मीटर हा महासागरांच्या पसरट तळाचा टापू, आणि त्याहून खोल फक्त अरुंद गर्ता उरतात. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत तयार होत असलेल्या, तीन माणसांना नेऊ शकणाऱ्या पाणबुडीचे नाव 'मत्स्य ६०००' आहे ते याच खालच्या मर्यादेवरून. ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४० च्या दशकात, एजियन समुद्रात जाळी ओढून पाहिल्यावर, साधारण ५५० मीटरांखाली जीवसृष्टी नसावी असे मत मांडले होते. उजेड नाही, म्हणून जीवन नाही, हे तर्काला पटणारेही होते. पुढे खोल समुद्रातून वर काढलेल्या तारांवर प्रवाळ चिकटलेले सापडले, १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभरच्या खोल तळांवरून प्राणी वर आणले आणि ते मत मागे पडले. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ सुमारे २५०० मीटर खोलीवर समुद्रतळातून उसळणाऱ्या उष्ण झऱ्यांभोवती कृमी आणि शिंपल्यांची दाट वस्ती सापडली. तिचे अन्न उजेडातून नव्हे, तर हायड्रोजन सल्फाइडच्या रासायनिक ऊर्जेवर जगणाऱ्या जिवाणूंकडून येत होते, आणि सात वितींच्या नियमाला खरा अपवाद मिळाला.

तलावांकडे परत येऊ. काठाचा उथळ पट्टा, जिथे तळापर्यंत उजेड पोहोचतो आणि पाणकणीस, कमळ किंवा पाण्याखालची गवते मुळे धरू शकतात. मधले उघडे पाणी, जिथे प्लवक तरंगतात. आणि त्याखालचा अंधारा, थंड भाग: तलावशास्त्रातले हे तीन विभाग म्हणजे समुद्राचीच लहान आवृत्ती. फरक असा की तलावात काठाचा पट्टा किती रुंद असावा हे पाण्याच्या गढूळपणावर अवलंबून असते. सांडपाण्यातून पोषक घटक आले की प्लवक मातते, पाणी हिरव्या रस्स्यासारखे होते, आणि ते प्लवक स्वतःच खालच्याचा उजेड अडवू लागते. वीत लहान होत जाते. तळाच्या वनस्पती मरतात, त्यांनी धरून ठेवलेला गाळ मोकळा होतो, पाणी आणखी गढूळ होते. काठ दगडी भिंतीने बांधून काढला की उथळ पट्टाच नाहीसा होतो, हे आणखी एक. शहरातल्या तलावांचे सुशोभीकरण करताना दिवे आणि कारंजी यांवर जितका विचार होतो तितका काठाच्या उतारावर होत नाही, असे माझे मत आहे.

थंड प्रदेशातल्या तलावांचे वर्णन वाचून आपल्याकडच्या तलावांविषयी गैरसमज होऊ शकतो. तिकडे उन्हाळ्यात पाण्याचे थर बनतात आणि शरद ऋतूत ते मोडून सगळे पाणी मिसळते. आपल्याकडे तापमानातला फरक कमी असतो, पण ३० अंशांच्या आसपास एका अंशाच्या फरकाने पाण्याच्या घनतेत होणारा बदल ५ अंशांच्या आसपास होणाऱ्या बदलाच्या दहापटींहून अधिक असतो, त्यामुळे दोन-तीन अंशांचा फरकही थर बनवायला पुरतो. उथळ तलावात हे थर दुपारी बनतात आणि रात्री वरचे पाणी गार होऊन बुडाले की मोडतात. एका दिवसात एक वर्ष. या रोजच्या चक्रातच सकाळी तलावात पालथे पडलेले मासे दिसण्याचे कारण दडलेले असते. हिरव्यागार पाण्यात दिवसा प्लवक इतका प्राणवायू सोडते की वरच्या पाण्यात तो ओसंडतो. रात्री तेच प्लवक, जिवाणू आणि मासे मिळून तो वापरतात आणि भरून काढणारा कोणी नसतो. कोमट पाणी मुळात प्राणवायू कमी धरते. म्हणून पहाटे, सूर्य उगवण्याच्या जरा आधी, पातळी सर्वांत खाली असते. दोन-तीन दिवस आभाळ गच्च भरलेले राहिले तर दिवसाची कमाईही बुडते. अशा मासेमरीत कोणी विष टाकले का, अशी चर्चा लगेच सुरू होते. कधी ते खरेही असते, पण पुष्कळदा जमाखर्चच तुटीत गेलेला असतो.

खोल सरोवरांत हा दुसरा पंच, म्हणजे प्राणवायू, किती निर्णायक ठरतो याचे उदाहरण म्हणून दोन नावे पुरेत. सैबेरियातले बैकल १६४२ मीटर खोल आहे, पण थंड पाणी खालपर्यंत उतरत राहिल्यामुळे त्याच्या तळापर्यंत प्राणवायू आणि प्राणी दोन्ही आहेत. आफ्रिकेतले टांगानिका १४७० मीटर खोल आहे, मात्र उष्ण प्रदेशात असल्यामुळे त्याचे थर कायमचे बसलेले आहेत आणि वरच्या शे-दोनशे मीटरांखाली प्राणवायूच नाही. माशांच्या शेकडो जाती असलेले हे सरोवर आतून बहुतांशी निर्जीव वाटावे असे आहे. तिथे राहतात ते फक्त प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू.

आता ज्या पाण्यात ताटली बुडवण्यातही अर्थ नाही अशा ठिकाणी जाऊ. मानखुर्द सोडून लोकल वाशीच्या पुलावर आली की खाली ठाण्याची खाडी दिसते, चहाच्या रंगाची. गाळामुळे पाण्यातला उजेड काही बोटांतच संपतो, पोषक घटक तर आसपासच्या शहरांच्या सांडपाण्यातून गरजेपेक्षा जास्त येतात. पाण्यातल्या प्लवकाला इथे खताची नव्हे, उन्हाची टंचाई आहे. तरीही २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या आणि २०२२ मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय करारातल्या पाणथळ स्थळांच्या यादीत गेलेल्या या खाडीत दर हिवाळ्यात हजारोंनी रोहित पक्षी येतात, आणि त्यांना खायला मिळते. कुठून?

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीने ओहोटीच्या वेळी गेले तर उत्तर समोर उघडे पडलेले दिसते. तिवरांच्या पुढे पसरलेल्या चिखलावर तपकिरी-सोनेरी झाक असते. जवळून पाहिले तर ती चिखलाची नाही, चिखलावरच्या साईसारख्या पातळ थराची आहे. हा थर डायटम नावाच्या, काचेसारख्या कवचातल्या एकपेशीय वनस्पतींचा. खाडीच्या पाण्यात उजेड शिरू शकत नाही, म्हणून इथली कमाई पाणी ओसरल्यावर, उघड्या चिखलावर होते. चिखलात उजेड जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका उतरतो. तेवढ्यात सातच्या सात विती संपतात. त्याखाली बोट घातले तर चिखल काळा निघतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो, कारण तिथे प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइड तयार करणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू झालेले असते. प्रकाशित थर, अंधूक थर, काळोख, प्राणवायूचा दुष्काळ: अरबी समुद्र हजार मीटरांत मांडतो ते सगळे इथे नखाएवढ्या जाडीत बसलेले असते.

आणि ये-जासुद्धा. ओहोटी लागून ऊन पडले की डायटम स्वतः स्रवलेल्या चिकट द्रव्यावरून घसरत चिखलाच्या पृष्ठभागावर येतात, कमाई करतात आणि भरतीचे पाणी यायच्या आधी पुन्हा एक-दोन मिलिमीटर खाली जातात, म्हणजे लाटेने वाहून जात नाहीत. समुद्रातले कंदीलमासे उजेड टाळण्यासाठी खाली जातात, हे उजेड मिळवण्यासाठी वर येतात. घड्याळ मात्र दोघांकडे आहे, एकाचे सूर्यावर लावलेले, दुसऱ्याचे सूर्य आणि भरती दोन्हींवर. मी गेलो त्या दिवशी भरती लागायला अर्धा तास होता. रोहित पक्षी चोची उलट्या धरून साई गाळत पुढे सरकत होते, निवटे चिखलावरून उड्या मारत होते. बोटीवरच्या खलाशाने पाण्याच्या रेषेकडे बोट दाखवून, आता परत फिरायला हवे, असे सांगितले. तेव्हा काठाजवळच्या चिखलाची सोनेरी झाक उतरून तो राखाडी दिसू लागला होता आणि पाणी अजून त्याच्यापासून दोन-तीन हात दूर होते.